सहावा धडा

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रविवारी सकाळी जपानी भाषेचा वर्ग भरत असे. आम्ही मराठी साहित्य शिकवणारी माणसे. त्या वर्गात गेलो ते हायकूच्या ओढीने. शेजारच्या बाकांवरील मंडळींना हायकूशी काही कर्तव्य नव्हते. ठाण्याहून येणारे दोघे संगणक कंपनीत नोकरीला होते, कल्याणची एक मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम करीत होती. सर्वांच्या हातात 'मिन्ना नो निहोंगो' हे १९९८ साली प्रथम निघालेले पाठ्यपुस्तक आणि त्याच्या जोडीची इंग्रजी टिपणांची पुस्तिका. त्या पुस्तकातले पहिले धडे 'हे काय', 'ते कोणाचे', 'किती वाजले' यांत जातात. पाचव्यात माणसे येतात-जातात. सहाव्यात प्रथमच खातात-पितात. 'ताबेमासु' म्हणजे खातो, 'नोमिमासु' म्हणजे पितो, आणि जे खाल्ले-प्यायले जाते त्याच्या मागे लागणारा 'ओ' हा प्रत्यय. आमच्या सेन्सेईंनी फळ्यावर 'आय ईट राइस' हे इंग्रजी वाक्य लिहिले, त्यातले क्रियापद उचलून शेवटी नेले आणि सांगितले, "जपानीत हे असे उलटे असते." कल्याणच्या मुलीने हळूच विचारले, "म्हणजे 'मी भात खाते' असंच ना?" वर्ग हसला, सेन्सेईही हसल्या, आणि धडा पुढे सरकला.

तो प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. जे वाक्य त्या मुलीच्या तोंडी जन्मापासून सरळ होते, ते आधी इंग्रजीत उलटे करून मग जपानीत सुलटे करायचे, असा हा द्राविडी प्राणायाम. अर्थात यात त्या वर्गाचा दोष नाही. ही रीत चारशे वर्षांची आहे, आणि तिचा आरंभ शोधू गेल्यास आपण जेथे पोहोचतो ते ठिकाण डोंबिवलीहून फार दूर नाही.

वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पोर्तुगीजांच्या वसईत १५५७च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किशोरवयातच ते एका जेझुइट पाद्र्याबरोबर जपानला गेले, तेथे धर्मशिक्षक म्हणून वावरले, पुढे व्यापारात पडले, आणि नंतर मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नराने तोयोतोमी हिदेयोशीकडे फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ पाठविले, तेव्हा त्यांचा दुभाषी होता हा वसईकर. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईच्या किल्ल्यातील एका जुन्या चर्चला आज त्यांचेच नाव आहे.

धर्मेतिहासात हुतात्मा गोन्सालोंचे स्थान मोठे आहे. आम्हाला येथे आकर्षण आहे ते भाषा शिकणाऱ्या गोन्सालोंचे. त्यांच्या काळी जपानीचे छापील व्याकरण नव्हते. मुलगा जपानी बंदरात उतरला तो कानाने शिकला, आणि व्यापारी म्हणून शिकला. दरबारात बोलण्याइतकी भाषा येण्याआधी त्याला तांदळाचा भाव, माशाचा ताजेपणा, पाणी मागणे, चहा नाकारणे हे आले असणार. परक्या मुलखात पोट आधी बोलते. घरी पोर्तुगीजच्या जोडीने किनाऱ्यावरची आपली भाषाही त्याच्या कानांवर पडली असेल, तर 'भात खातो' ही शब्दांची चाल त्याला उलटी वाटण्याचे कारण नव्हते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

पुरावा आहे तो पुढच्या पिढीच्या ग्रंथांचा. नागासाकीच्या त्या टेकडीवर त्या दिवशी आणखी एक दुभाषी हजर होता: जेझुइट जुआंव रोद्रिगेस. तोही पोरवयात, १५७७ साली, जपानला आलेला. हिदेयोशीच्या दरबारात त्याची ओळखच 'त्सूजी', म्हणजे दुभाषी, अशी होती. या रोद्रिगेसने जपानी भाषेचे पहिले मोठे व्याकरण लिहिले; ते १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीत छापले गेले. त्याचे नाव 'आर्ते दा लिंग्वा दे जापांव'. मराठीच्या अभ्यासकांना हे नाव ओळखीचे वाटेल, कारण 'क्रिस्तपुराण'कर्त्या फादर स्टीफन्सने कोंकणीचे जे व्याकरण रचले आणि जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोलला छापले गेले, त्याचे नाव 'आर्ते दा लिंग्वा कानारीम'. नावे सारखी, संघ एक, आणि साचाही एकच: लॅटिन व्याकरणाचा. नामाच्या विभक्ती लॅटिन क्रमाने, क्रियापदाचे काळ लॅटिन कोष्टकात. स्टीफन्सला तर १५८३ सालच्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी वाटली होती. ज्या दोन भाषा एकमेकींशेजारी ठेवल्या असत्या तर परस्परांवर प्रकाश पडला असता, त्या दोन्ही स्वतंत्रपणे लॅटिनशेजारी ठेवल्या गेल्या. गोवा आणि नागासाकी यांच्यात जहाजे होती, पाद्री होते, छपाईची यंत्रेसुद्धा होती. युरोपहून परतणारे चार जपानी तरुण वालिन्यानोबरोबर गोव्यात थांबले असता त्यांच्यापैकी हारा मार्तिन्योचे भाषण १५८८ साली तेथे छापले गेले, तेही लॅटिनमध्ये.

व्याकरणे अशी अलग राहिली तरी बाजारातले शब्द अलग राहिले नाहीत. पोर्तुगीज 'पांव' आपल्याकडे पाव झाला आणि जपानात 'पान'. वडापावाच्या गाडीवर उभे राहून हा शब्द उच्चारताना आपण एका जपानी मुलाच्या न्याहारीशी नाते सांगत असतो, हे सहसा ध्यानी येत नाही. तेम्पुरा हे नावही बहुतेक अभ्यासक पोर्तुगीजशीच जोडतात. पिठात बुडवून तळलेल्या त्या भाज्या प्रथम पाहणाऱ्या मराठी माणसाला भज्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बटाट्याबाबत मात्र वाटा फुटल्या. आपण पोर्तुगीज शब्द ठेवला. जपानीत तो 'जागाइमो', म्हणजे जकार्ताहून आलेला कंद, कारण तो डच जहाजांतून आला असे मानतात. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना दारे बंद केली आणि बरोबर १०० वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यानंतर या किनाऱ्याचा जपानशी संबंध पुन्हा जुळला तो १८९३ साली मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली तेव्हा. आणि तो कापसाचा होता, भाषेचा नव्हे.

आता पुन्हा सहाव्या धड्याकडे, आणि त्याच्या पुढच्या धड्यांकडे.

नवव्या धड्यात आवडनिवड येते. 'मांगो गा सुकी देसु'. इंग्रजी टिपण विद्यार्थ्याला बजावते की येथे आंबा हे कर्म समजू नये, त्याला 'ओ' लावू नये, 'गा' लावावा. इंग्रजीतून येणारा येथे हमखास अडखळतो, कारण त्याच्या भाषेत आवडणे ही माणसाने आंब्यावर केलेली क्रिया आहे. मराठीत आवडतो तो आंबा. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात कर्तृत्व आंब्याकडे आहे, आपण केवळ 'मला' म्हणून बाजूला उभे. जपानीतही आंबा 'गा' घेऊन कर्त्याच्या जागी बसतो. तेराव्या धड्यात इच्छा येते, 'मिझु गा नोमिताई'. ते आमचे 'मला पाणी प्यायचंय'. दोन्हीकडे एकट्या क्रियापदाच्या रूपातच इच्छा मुरलेली. 'हवे असणे' असे वेगळे क्रियापद लागत नाही.

पण खरी गंमत त्या रूपात आहे ज्याला वर्गात 'ते-रूप' म्हणतात. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'नोंदे' म्हणजे पिऊन. हे आमचे ऊन-प्रत्ययान्त धातुसाधित. त्याला दुसरे क्रियापद जोडले की जे होते ते मराठी वाचकाने स्वतःच पाहावे. 'मिरु' म्हणजे पाहणे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'त्सुकुत्ते ओकु' म्हणजे करून ठेवणे. 'शिमाउ' म्हणजे आवरून टाकणे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकले, आणि त्यात 'खायला नको होते' ही चुटपुटही मराठीप्रमाणेच लपलेली. पाठ्यपुस्तकात ही तीन रूपे अनुक्रमे ४०, ३० आणि २९ या धड्यांत विखुरलेली आहेत, कारण इंग्रजीत त्यांना तीन वेगवेगळ्या क्लृप्त्या लागतात. ज्याच्या आजीने "लाडू करून ठेवलेत, एक खाऊन पाहा, सगळे खाऊन टाकू नकोस" असे म्हटले आहे, त्याला हे तीन धडे एका दुपारी शिकवता येतील. आम्ही महिनोन्महिने शिकलो.

आतिथ्याच्या भाषेतही असेच. 'ओचा देमो नोमिमासेन का' या निमंत्रणातल्या 'देमो'वर टिपणात एक परिच्छेद आहे: चहा हे केवळ उदाहरण, त्याच्यासारखे काहीही. मराठीत याला 'चहाबिहा' म्हणतात आणि परिच्छेद लागत नाही. फराळाच्या जागी मागणी नोंदवताना जपानी माणूस वस्तू आधी आणि आकडा नंतर सांगतो, 'कोही ओ फुतात्सु'. कोणत्याही उडप्याच्या हॉटेलात वेटर आत ओरडतो तेही 'कॉफी दोन!'. शाकाहारी माणसाला जपानात जो प्रश्न जागोजागी विचारावा लागतो, कारण भाजीच्या रश्शातही माशाचा दाशी असतो, त्या प्रश्नातले क्रियापद 'हाइरु', म्हणजे शिरणे. यात मासा शिरला आहे का? आपणही 'आमटीत गूळ घालता का' याऐवजी 'आमटीत गूळ पडतो का' असे विचारतो, आणि घालणाऱ्या हाताला वाक्याबाहेर ठेवतो.

खाणे या क्रियापदाचा पसारा तर दोन्ही भाषांत स्वयंपाकघराबाहेर फार लांब गेलेला आहे. मराठीत माणूस मार खातो, लाच खातो, भाव खातो, कच खातो, हेलकावे खातो, दुसऱ्याचे डोके खातो. जपानीत ठोसा खाल्ला जातो. मोठ्यांचा ओरडा खाणे याला 'मोठा डोळा खाणे' म्हणतात. आणि रस्त्यात रेंगाळणे म्हणजे 'वाटेवरचे गवत खाणे'. 'जिकान ओ कुऊ' म्हणजे वेळ खाणे. वेळखाऊ काम आणि वेळखाऊ माणूस हे तिकडेही आहेत. आशियातील भाषांमध्ये खाण्याचे हे प्रयोग कोठून कोठवर पसरले आहेत याचा नकाशा मांडणारा एक निबंध २००६ साली जपानच्या 'गेंगो केंक्यू' या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांत पहिले नाव प्रशांत परदेशी यांचे, मराठी घरातून जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेपर्यंत पोहोचलेल्या अभ्यासकाचे. म्हणजे मराठी आणि जपानी शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणीच केले नाही असे नव्हे. ते संशोधनाच्या पानांवर झाले. रविवारच्या वर्गात उतरले नाही.

एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. पाठ्यपुस्तक 'ताबेरु' शिकवते आणि हे सारे वाक्प्रचार राहतात ते 'कुऊ' या दुसऱ्या, रांगड्या क्रियापदात, जे सभ्य विद्यार्थ्याला शिकवत नाहीत. मराठीतही 'भोजन करणे' किंवा 'जेवणे' यांनी असे काही प्रसवलेले नाही. सारी समृद्धी 'खाणे' या साध्या धातूची. शुद्ध बोलायला शिकविणाऱ्या प्रत्येक वर्गाचे हे नुकसान असते.

साम्याच्या या आनंदात वाहवत जाणेही बरे नाही. जपानी नामाला लिंग नाही. आपल्याला ताटात आलेली प्रत्येक नवी वस्तू प्रथम तो-ती-ते यांपैकी कोठल्या तरी पंक्तीला बसवावी लागते. सुशी 'ती' हे ठरले. रामेनचे आमच्या वर्गात शेवटपर्यंत ठरले नाही. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. जपानी माणसाने तिन्ही 'ताबेमाशिता', बस्स. उलट तांदळाबाबत दोघेही सारखेच चोखंदळ. शेतातले 'इने', न सडलेले 'मोमी', सडलेले 'कोमे', शिजलेले 'गोहान'. आपल्याकडे शेतात भात आणि ताटातही भात, मध्ये तेवढे तांदूळ. वाडा कोलम खाऊन वाढलेल्या माणसाला हे कोष्टक पाठ करावे लागत नाही, फक्त शब्द भरावे लागतात.

आणि मग आदर. जपानीत आपण खाल्ले तर 'इतादाकु', समोरच्या वडीलधाऱ्याने खाल्ले तर 'मेशिआगारु', क्रियापदेच निराळी. मराठीत 'घ्या', 'घ्यावे', 'घेतले का' या एका 'घेणे'वर आपण बरेच भागवतो. चहा, पाणी, भात यांच्या आधी लागणारा 'ओ' किंवा 'गो' हा आदराचा उपसर्ग. या 'ओ'च्या प्रसाराची कथा वाचण्यासारखी आहे. त्यातील पुष्कळ शब्द, जसे थंड पाण्याचा 'ओहिया', दरबारातील स्त्रियांच्या खास बोलीतून आले. जेझुइटांनी १६०३ साली नागासाकीत छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशात अशा शब्दांपुढे 'बायकांचा शब्द' अशी खूण आहे. आज तो 'ओहिया' पुरुषही मागतात. आपल्याकडील स्त्रियांच्या स्वयंपाकघरातील शब्दांपुढे अशी खूण करून ठेवणारा कोशकार त्या काळात असता, तर मराठीच्या इतिहासकारांनी त्याचे पाय धरले असते.

नकाराचे तर दोन टोकांचे आहे. मराठीला 'नको' हा शब्द लाभला आहे. दोन अक्षरांत काम तमाम. जपानीत ताटावरून हात फिरवायला तसा शब्दच नाही. 'केक्को देसु', 'ई देसु' म्हणजे ठीक आहे, छान आहे. पण ते 'हो' की 'नको' हे स्वरावरून ओळखायचे. आमच्या 'चालेल'मध्ये या धूसरतेची थोडी ओळख आहे, इतकेच.

हा खाण्यापिण्याचा धडा आता गमतीचा राहिलेला नाही. जपानी भाषेची जागतिक परीक्षा १९८४ पासून होते. पूर्वी तिच्या चार पायऱ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. ठाणे-डोंबिवलीची मुले त्या चढत होती ती मुख्यत्वे अभियांत्रिकी आणि अनुवादाच्या कामांसाठी. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. त्यात तेव्हा जी १४ क्षेत्रे होती त्यांत वृद्धांची शुश्रूषा होती, उपाहारगृहांतील सेवा होती, खाद्यपेयांचे उत्पादनही होते. म्हणजे 'ताबेमासु-नोमिमासु' ही आता काहींची रोजीरोटी आहे. एखाद्या वृद्ध जपानी बाईंना घास गिळता येतो की नाही, आमटी गरम आहे की निवली, हे विचारण्याची भाषा. ती चुकली तर गुण जात नाहीत, ठसका लागतो.

कल्याणच्या त्या मुलीचे जाणे याच मार्गाने ठरले होते. वर्गाच्या अखेरच्या महिन्यांत, अठ्ठेचाळिसाव्या धड्यात, प्रयोजक क्रियापदे आली: 'ताबेरु'चे 'ताबेसासेरु', 'नोमु'चे 'नोमासेरु'. टिपणात लिहिले होते की याचा अर्थ 'खायला लावणे' किंवा 'खाऊ देणे', संदर्भाप्रमाणे. तिने विचारले, "आणि भरवणे?" सेन्सेई थांबल्या. तेही हेच, त्या म्हणाल्या. पण आजीबाईंना सांगताना हे वापरू नकोस, त्यांच्यावर जबरदस्ती केल्यासारखे होईल. 'ओशोकुजी ओ ओतेत्सुदाई शिमासु' म्हण, जेवायला मदत करते असे म्हण. मुलीने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. मग 'ताबेसासेरु'पुढे छापलेले इंग्रजी शब्द तिने पेन्सिलीने खोडले आणि समासात एकाखाली एक लिहिले: खायला लावणे, खाऊ देणे, खाऊ घालणे, भरवणे. 'नोमासेरु'पुढे 'पाजणे' लिहून तिने त्याच्याखाली रेघ ओढली.